पंच मशीन झडतीच्या अलीकडे की पलीकडे?

नागपूरहून अमरावती रोडवर वाडी मागे पडली की दोन्ही बाजूंना गोदामं लागतात. त्यातल्या एका गोदामात ऑनलाइन मागवलेला माल येतो, रॅकवर चढतो, ऑर्डर आली की उतरतो, खोक्यात बंद होतो आणि रात्रीच्या ट्रकने निघतो. मोबाइल, इअरफोन, मनगटी घड्याळं, लिपस्टिक. सगळा खिशात मावणारा माल. म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती होते.

दुसरी पाळी दुपारी साडेबारा ते रात्री नऊ. मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. म्हणजे कामाचे आठ तास, आठवड्याला सहा दिवस, एकूण ४८ तास. पाळीत साधारण १८० माणसं, त्यात ६० बायका. सगळे तीन ठेकेदारांच्या मस्टरवर, रोजी ५२० रुपये.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात २२ वर्षं टाइम ऑफिसला होतो. हाताने भरायचं मस्टर, मग पंच कार्ड, मग बोटाच्या ठशाचं मशीन, सगळं मी हाताळलं आहे. निवृत्त झाल्यापासून ठेक्यावरच्या लोकांचे अर्ज लिहून देतो. त्यामुळेच जून २०२४ मध्ये या गोदामातल्या चार बायका माझ्याकडे आल्या. त्यातली एक ताई पॅकिंग लाइनवर होती, दवलामेटीला राहायची. तिने पिशवीतून मुलीची शाळेची वही काढली आणि मागचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"भाऊ, मशीन म्हणते मी नऊ वाजता सुटली. पोरगी म्हणते आई दहाला घरी आली. मंग मधातला वेळ कोणाचा?"

पानावर पेन्सिलने तीन रकाने होते: पंच, पडदा, गेट. पंच म्हणजे मशीनवर बोट ठेवल्याची वेळ. पडदा म्हणजे बायकांच्या झडतीची पडद्याची केबिन, तिथे आत जायचा नंबर लागला ती वेळ. गेट म्हणजे बाहेर रस्त्यावर पाय ठेवला ती वेळ. २३ रात्रींची नोंद होती. सगळ्यात लवकर सुटली ती रात्र ९.०८ ची, सगळ्यात उशिराची ९.४१ ची. पाच रात्री गेटच्या रकान्यात साडेनऊच्या पुढचा आकडा होता. त्या पाच आकड्यांखाली तिने रेघ मारली होती. का मारली ते तिला सांगता आलं नाही, "उशीर झाला म्हणून" एवढंच म्हणाली. त्या रेघेचं महत्त्व पुढे कळलं.

आधी गेटवर काय चालतं ते नीट सांगतो, कारण वादाचं मूळ तिथेच आहे. गोदामाच्या आत, टाइम ऑफिसच्या खांबावर एकच पंच मशीन. त्याच्या पुढे झडतीचं टेबल, त्याच्या पुढे गेट. माणूस येतो तेव्हा आधी झडती, मग पंच. जातो तेव्हा आधी पंच, मग झडती. मशीन एकाच जागी आहे आणि दोन्ही वेळेला रांग मशीनच्या बाहेर पडते. साडेबाराच्या पाळीला माणूस बारा वाजून दहा मिनिटांनी रांगेत लागतो. रांग लांबली आणि बोट १२.४० ला लागलं तर तो "लेट". दहा मिनिटांच्या वर लेट झाला की अर्धा दिवस कापला जायचा.

हा अर्धा दिवस कापणं सरळ बेकायदा होतं. तेव्हा लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियम १९३६ च्या कलम ९ प्रमाणे जितका वेळ माणूस गैरहजर, तितक्याच वेळेचा पगार कापता येत होता. दहा मिनिटांसाठी चार तास कापता येत नाहीत. पण ते बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट मला पहिल्या दिवशीच डाचली. मालकाला दहा मिनिटं मोजता येत होती. कामगाराची दहा मिनिटं त्याच मशीनवर, त्याच खांबावर पैशात मोजली जात होती. मोजता येत नव्हती ती फक्त दुसऱ्या बाजूची वेळ.

आता रांगेचा हिशेब. टाइम ऑफिसमधल्या माणसाला हा हिशेब बोटांवर येतो. पुरुष १२०, त्यांना दोन रांगा, माणशी १५ सेकंद. एका रांगेत ६० जण, म्हणजे शेवटचा माणूस पंधरा मिनिटांनी सुटतो. बायका ६०, त्यांना एकच महिला रक्षक, एकीला २५ सेकंद. शेवटची बाई पंचवीस मिनिटांनी सुटते. सरासरी धरली तर पुरुषाचे साडेसात मिनिटं, बाईचे साडेबारा. एवढं होतं सगळं सुरळीत असेल तर.

सुरळीत क्वचितच असायचं. हातात धरायचं मेटल डिटेक्टर मंगळसूत्रावर वाजतं, जोडव्यांवर वाजतं, केसातल्या पिनांवर वाजतं. वाजलं की हाताने तपासायचं, हा नियम. रक्षक बाई याच सगळ्यांना रोज ओळखायची, कोणाच्या पायात जोडवी आहेत हे तिला पाठ होतं, तरी वाजलं की वाकून बघायला लागायचंच. तिचा दोष नव्हता, कॅमेरा तिच्यावरही होता. दोन-तीन महिन्यांत बायकांनी स्वतःच तोडगा काढला. कामावर आल्या की जोडवी काढून लॉकरमध्ये ठेवायच्या. ज्या बायकांनी लग्नाच्या दिवसापासून जोडवी उतरवली नव्हती, त्यांनी रांगेतले दहा सेकंद वाचवायला ती उतरवली. ताईने हे मला सहज सांगितलं, तक्रार म्हणून सुद्धा नाही. मला मात्र ते ऐकून पुढचं काही वेळ लिहिता आलं नाही.

९.४१ ची रात्र मे महिन्यातली होती. महिला रक्षकाला बरं वाटेना म्हणून ती सातलाच गेली आणि बदली कोणी आली नाही. पुरुष रक्षकाने बायकांची झडती घ्यायची नाही, हे बरोबरच. पण झडतीशिवाय सोडायचंही नाही. साठ बायका पत्र्याच्या शेडखाली उभ्या. नागपुरातला मे, दिवसभर तापलेला पत्रा रात्री नऊलाही वाफ सोडत होता. शेवटी शेजारच्या गोदामातून एक रक्षक बाई आणली, तेव्हा रांग हलली. एकोणीस वर्षांची एक मुलगी, आठव्या मैलाकडची. तिचे वडील मोटरसायकलवर तिला शोधत गेटवर आले आणि मोठ्याने बोलले. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या सुपरवायझरने त्या मुलीला सांगितलं, "घरच्यांले गेटवर आणायचं असन तर उद्यापासून येऊ नको." वही तोपर्यंत ताई स्वतःपुरती ठेवत होती. या वाक्यानंतर ती माझ्याकडे आली.

कंपनीचं म्हणणं काय होतं

पहिल्या बैठकीला मी बायकांबरोबर गेलो. एचआरचे साहेब तरुण होते, सभ्यपणे बोलले. त्यांचं म्हणणं मी इथे जसंच्या तसं मांडतो, कारण त्यातलं काही खरं आहे.

माल चोरीला जातो. हे खरं. एका मोबाइलची किंमत तिथल्या माणसाच्या महिन्याच्या पगाराएवढी असते, आणि झडती काढून टाका असं आमच्यापैकी कोणीच म्हणत नव्हतं. दुसरं, झडतीत माणूस काही काम करत नाही, मग पगार कशाचा? तिसरं, रांगेतला वेळ प्रत्येकाचा वेगळा, मोजणार कसा? चौथं, काही पोरं पंच करून लॉकरपाशी गप्पा मारत बसतात, मोबाइल बघतात, मग रांगेत लागतात. त्याचेही पैसे द्यायचे का? हा चौथा मुद्दा मला पटला. कॅमेऱ्यात तशी पोरं दिसत होती, मी स्वतः पाहिली. आणि शेवटी साहेब म्हणाले, "काका, विमानतळावर तुम्ही सिक्युरिटीच्या रांगेत उभे राहता ना? त्याचे पैसे कोणाकडे मागता?"

विमानतळावर मी माझ्या कामाला जातो. मी तिकीट काढलेलं असतं, नको वाटलं तर रेल्वेने जाईन. ताईला झडती नको म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी काम नाही. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम १९४६ च्या अनुसूचीत, म्हणजे स्थायी आदेशांत (नोकरीच्या लेखी नियमांत) कोणकोणत्या बाबी असाव्यात त्या यादीत, ठरलेल्या गेटनेच आत येणं आणि झडती देण्याची बांधिलकी, ही एक बाब तेव्हा स्वतंत्र लिहिलेली होती. रजा, पाळ्या, पगाराचा दिवस यांच्याच यादीत. म्हणजे आपला कायदा झडतीला नोकरीची अट मानतो. अट पाळायला जो वेळ जातो, तो नोकरीतला वेळ नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

दुसऱ्या बैठकीला कंपनीचे वकील आले आणि त्यांनी एक प्रिंटआउट पुढे केला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१४ चा निकाल, इंटिग्रिटी स्टाफिंग विरुद्ध बस्क. तिथे नेवाडा राज्यातल्या अॅमेझॉनच्या गोदामांत ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या लोकांनी दावा लावला होता, की पाळी संपल्यावर झडतीच्या रांगेत पंचवीस मिनिटांपर्यंत जातात, त्याचा पगार द्या. सगळ्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलं, की या लोकांना नेमलं होतं माल रॅकवरून काढून खोक्यात भरायला. झडती त्या कामाचा अविभाज्य भाग नाही, झडती बंद केली तरी त्यांचं काम तसंच होईल. मालकाने सक्ती केली एवढ्यावर पगार मिळत नाही.

पंचवीस मिनिटं हा आकडा वाचून बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सात समुद्रापलीकडे तोच आकडा.

हा निकाल मी घरी नेऊन दोनदा वाचला. त्यामागचा कायदा समजून घेतल्याशिवाय तो कळत नाही. १९४६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने माउंट क्लेमेन्स पॉटरीच्या खटल्यात कामगारांच्या बाजूने निकाल दिला होता: पंच मशीनपासून कामाच्या जागेपर्यंत चालत जाण्याचा वेळसुद्धा कामाचा. त्यावर दाव्यांचा पूर आला आणि १९४७ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला, पोर्टल टू पोर्टल अॅक्ट. मुख्य कामाच्या आधीच्या आणि नंतरच्या किरकोळ गोष्टींचा पगार द्यायला मालक बांधील नाही, असं त्यात लिहिलं. २०१४ चा निकाल त्या कायद्यावर उभा आहे. असा कायदा आपल्याकडे कोणी केलेला नाही. ज्या झाडाची ती फांदी आहे, ते झाडच आपल्या अंगणात नाही.

आणि अमेरिकेतही गोष्ट तिथे संपली नाही. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२० मध्ये अॅपलच्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या बॅग तपासणीच्या खटल्यात सांगितलं, की त्या वेळात कर्मचारी मालकाच्या ताब्यात असतो, तेव्हा पगार द्या. पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने जुलै २०२१ मध्ये खुद्द अॅमेझॉनच्या गोदामाबाबत तेच म्हटलं, आणि वेळ थोडा आहे म्हणून तो सोडून द्या, हा बचावही मानला नाही. इंग्लंडमध्ये २०१६ साली स्पोर्ट्स डायरेक्टच्या शायरब्रुकच्या गोदामाचं प्रकरण पार्लमेंटच्या समितीपुढे गेलं. पाळीनंतरच्या झडतीचा वेळ धरला तर लोकांना किमान वेतनापेक्षा कमी पडत होतं, हे मालकाला तिथे कबूल करावं लागलं आणि मागची रक्कम चुकती करावी लागली.

पण परदेशाचे दाखले देऊन लेबर ऑफिसात काही होत नाही, हे मला २२ वर्षांत कळलेलं आहे. आपल्या कायद्यात काय आहे ते शोधायला हवं होतं.

गणेशपेठचा कंडक्टर

कारखाने अधिनियम १९४८ मध्ये दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, त्यावर झालं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम, हे सगळं त्या वेळी होतं. पण "कामाचे तास" म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या त्यात नव्हती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही तेव्हा आकडे तेच होते, नऊ आणि अठ्ठेचाळीस. (गोदाम कारखान्यात मोडतं की आस्थापनेत, यावर कंपनी वाद घालायला तयार होती. कारखाने कायद्यातल्या उत्पादन प्रक्रियेच्या व्याख्येत "पॅकिंग" हा शब्द सरळ होता. पण दोन्हीकडे आकडे सारखेच, म्हणून मी त्यात शिरलो नाही.)

व्याख्या सापडली ती मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ मध्ये. तिथे कामाचे तास म्हणजे कामगार मालकाच्या हाताशी, त्याच्या सेवेत उपलब्ध असतो तो वेळ, असं लिहिलेलं होतं. गाडी चालते तो वेळ तर त्यात होताच, शिवाय "दुय्यम काम" म्हणून हिशेब देणं, रोकड भरणं, रजिस्टरवर सही करणं, तिकिटं तपासून देणं, हेही धरलेलं होतं.

हे मी बैठकीत असं सांगितलं. गणेशपेठच्या एसटी स्टँडवर रात्री शेवटची गाडी लागते. प्रवासी उतरून घरी जातात. कंडक्टर पेटी घेऊन कॅश काउंटरला जातो, नोटा मोजून देतो, हिशेब जुळवतो, सही करतो. प्रवाशाला त्याचा काय उपयोग? काहीच नाही. पैसा कंडक्टरच्या खिशात जाऊ नये, एवढ्यासाठी ते आहे. म्हणजे मालकाच्या मालाची राखण. आणि तो वेळ कामात धरायचा, असं संसदेने १९६१ मध्येच ठरवलं. कंडक्टरचं काम फक्त तिकीट फाडायचं, हिशेब देणं हे त्याचं काम नाही, असं कोणी म्हणालं नाही. मग गोदामातल्या बाईने मालकाच्या मोबाइलची राखण म्हणून पंचवीस मिनिटं हात वर करून उभं राहायचं, ते कोणाच्या खात्यावर?

वकील म्हणाले, तो कायदा मोटार कामगारांचा आहे, इथे लागू नाही. बरोबर आहे, लागू नाही. पण "कामाची वेळ" या शब्दांना आपल्या देशात काय अर्थ दिला गेला, ते त्यातून दिसतं. आणखी एक दिसतं ते भरपाईच्या कायद्यात. मुंबईत बेस्टचा एक ड्रायव्हर ड्युटी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी जाताना अपघातात गेला. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अपघात नोकरीच्या ओघातला मानला. तो निकाल पगाराचा नाही, भरपाईचा आहे, हे मी बैठकीत स्वतःहून सांगितलं. पण उद्या त्या शेडखाली उन्हाने चक्कर येऊन बाई पडली आणि डोकं फुटलं, तर कंपनी म्हणणार का, की ती नऊला सुटली होती, आमचा संबंध नाही?

साहेब गप्प राहिले.

जेवणाची सुट्टी आणि ती रेघ

पगाराचा मुद्दा मी सोडला नाही, पण बायकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. पगारावर वाद होऊ शकतो, दोन ठिकाणी मात्र वादाला जागाच नाही. त्यांवर आधी बोट ठेवायचं.

पहिलं ठिकाण जेवणाची सुट्टी. कॅन्टीन झडतीच्या टेबलाच्या बाहेर होतं. म्हणजे जेवायला जाताना झडती, येताना पुन्हा. सुट्टी दोन तुकड्यांत व्हायची. एका तुकडीत तीस बायका, प्रत्येकीला पंचवीस सेकंद, शेवटचीची साडेबारा मिनिटं जायच्या रांगेतच गेली. येताना तीन-चार मिनिटं. अर्ध्या तासातले जेमतेम चौदा मिनिटं हातात. डबा उघडायचा, भाकरी गिळायची, पाणी प्यायचं, हात धुवायचे आणि धावायचं. सलग पाच तासांहून जास्त काम करवण्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची, हे तेव्हा दोन्ही कायद्यांत होतं. रांगेत उभं राहणं ही विश्रांती आहे असं म्हणण्याची हिंमत वकिलांनीही केली नाही. हा मुद्दा त्याच बैठकीत सुटला. सुट्टी ४५ मिनिटांची झाली आणि रिकाम्या हाताने जेवायला जाणाऱ्यांना फक्त डिटेक्टरच्या चौकटीतून जायचं, असं ठरलं.

दुसरं ठिकाण म्हणजे ताईने पेन्सिलने रेघ मारलेले पाच आकडे. २०१७ च्या राज्याच्या कायद्यात कलम १३ आहे. बाईला सकाळी सात ते रात्री साडेनऊ यांच्या बाहेर कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. कंपनीच्या रेकॉर्डवर बायका रोज नऊला सुटत होत्या. त्यामुळे संमतीपत्र नाही, गाडी नाही. प्रत्यक्षात पाच रात्री त्या साडेनऊनंतर गेटच्या आत, कंपनीच्या हुकमाखाली उभ्या होत्या, आणि मग ट्रकांच्या दिव्यांत हायवेच्या कडेने वाडी नाक्यापर्यंत शेअर ऑटो शोधत चालत होत्या.

मी या प्रकरणात एकच गोष्ट मनापासून सांगू इच्छितो, ती इथे आहे. रांगेच्या वेळेचे पैसे बुडतात, हे नुकसान मोठं आहेच. त्याहून मोठं हे, की ती वेळ कुठेच लिहिली जात नाही. लिहिली नाही म्हणून ती विश्रांतीत मोजता येत नाही, साडेनऊच्या मर्यादेत मोजता येत नाही, ४८ तासांत मोजता येत नाही. माझे वडील इथल्या एका मिलमध्ये होते. भोंगा व्हायचा तेव्हा सगळ्या मोहल्ल्याला कळायचं, पाळी सुटली. वडील वेळेत आले नाहीत तर आई दाराशी उभी राहून सांगू शकायची, किती उशीर झाला. आता पाळी सुटल्याची खबर फक्त खांबावरच्या मशीनला असते, आणि ते मशीन मालकाचं असतं.

तिसरी बैठक सरकारी कामगार अधिकारी मॅडमपुढे झाली. तिथे ठेकेदारांना बोलावलं होतं. ठेकेदार म्हणाले झडती कंपनी घेते. कंपनी म्हणाली माणसं ठेकेदाराची. झडती घेणारे रक्षक तर चौथ्याच एजन्सीचे. मॅडमनी कंत्राटी कामगार कायद्याचं कलम २१ काढून वाचलं. ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर मुख्य मालकाने, म्हणजे इथे कंपनीने, तो द्यायचा. मग त्यांनी वही हातात घेतली, दोन-तीन पानं उलटली आणि साहेबांना विचारलं, "मशीन टेबलाच्या बाहेर लावायला अडचण काय आहे?"

अडचण वायरची होती. तीन मीटर केबल.

मशीन हलवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं. कारण त्याने साहेबांचा तिसरा प्रश्न सुटतो, मोजायचं कसं. आणि चौथाही सुटतो. मशीन मुख्य गेटवर लावा असं मी म्हटलं नाही. झडतीच्या टेबलाला लागून, लगेच पलीकडे लावा म्हटलं. येणाऱ्याने टेबलाआधी बोट लावायचं, जाणाऱ्याने टेबलानंतर. लॉकरपाशी कोणी गप्पा मारत बसला तर तो वेळ कॅमेऱ्यात दिसतो, तो कापा, माझी हरकत नाही. त्याची गप्पांची वेळ त्याची आहे. रांगेची वेळ त्याची नाही.

पैशांचा हिशेबही मी मांडला. ४८ तास आधीच भरलेले, म्हणून रांगेचं पहिलंच मिनिट दुप्पट दराचं. तासाला ६५ रुपये, दुप्पट १३०. पुरुषाचे सरासरी साडेसात मिनिटांचे सव्वासोळा रुपये, बाईचे साडेबारा मिनिटांचे २७. महिन्याच्या २६ दिवसांचे पुरुषाला सुमारे ४२२, बाईला सुमारे ७०४. पूर्ण पाळीचे मिळून महिन्याला ९३ हजारांच्या आसपास. साहेबांनी आकडा लिहून घेतला आणि म्हणाले, "यात तर अजून तीन-चार गार्ड येतात." मी म्हटलं, आणा ना. इतके दिवस रांग लांब होती, कारण ती लांब असण्याचा खर्च तुम्हाला नव्हता. साठ बायकांसाठी एक रक्षक ठेवणं स्वस्त होतं, कारण बाकीचं त्या स्वतः भरत होत्या.

सप्टेंबर २०२४ मध्ये मशीन हललं. दुसरी केबिन आली, दोन महिला रक्षक वाढल्या. फोन आणि पारदर्शक पाण्याची बाटली, एवढंच आत न्यायचं ठरलं, त्यामुळे बॅगा उघडणं संपलं. मंगळसूत्र-जोडव्यांची नोंद कार्डावर केली, रोज वाकून बघणं बंद झालं. पहिल्या महिन्यात स्लिपवर "ओटी" (ओव्हरटाइम) या रकान्यात पहिल्यांदा आकडे आले. दुसऱ्या महिन्यात ते घटले, कारण रांगच घटली. शेवटची बाई आता नऊ वाजून सात-आठ मिनिटांनी बाहेर असते. ती एकोणीस वर्षांची मुलगी कामावर आहे. ताईने पुन्हा जोडवी घातली.

मागच्या रकमेचं मात्र जमलं नाही. कंपनी म्हणाली पुढचं देऊ, झालं ते झालं. मागच्या बारा महिन्यांपुरता दावा तेव्हाच्या कायद्याप्रमाणे करता येत होता. तो चौदा बायकांनी केला, बाकीच्यांनी नाही. त्यांची भीती मी समजू शकतो, ठेकेदाराच्या मस्टरवरचं नाव एका फोनवर कटतं. दावा चालू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून पगाराच्या जुन्या कायद्यांच्या जागी वेतन संहिता लागू झाली. तिच्यात दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. नव्याने येणाऱ्यांना मी आता हेच सांगतो, वही ठेवा, रोज ठेवा, मोबाइलमध्ये वेळेसकट फोटो काढा.

गेल्या महिन्यात ताई पुन्हा आली. हातात तीन महिन्यांच्या स्लिपा. ओटीच्या रकान्यात तीनही महिने शून्य. पंचचा रिपोर्ट तिने मागून घेतला होता, त्यात रोज ९.०६, ९.०७, ९.०८. मी टाइम ऑफिसमधल्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "काका, सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग आहे. पाळीनंतरचे पंधरा मिनिटं पकडतच नाही."

"आणि पाळीच्या आधी लेट झालं तर?"

"ते एक मिनिटापासून पकडते."

मॅडमना द्यायचा अर्ज मी लिहायला घेतला आहे. सोबत जोडायला त्या सेटिंगच्या पानाचा फोटो हवा आहे. ताईने वही पुन्हा सुरू केली आहे, या वेळी चार रकान्यांची. चौथा रकाना सॉफ्टवेअरने किती पकडलं त्याचा.